छंद, नाद आणि भंगार

मराठीच्या विद्यार्थ्याने गॅरेजवर प्रबंधिका लिहावी काय, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या विभागात उपस्थित झाला आणि फारशी चर्चा न होता निकालात निघाला. लिहू नये, असे ठरले. विषय ‘साहित्यबाह्य’ आहे. त्यात ‘वाङ्मयीन मूल्य’ नाही. आणि ज्या मोटारीभोवती ही प्रबंधिका रचली जाणार होती ती मोटार म्हणजे श्रीमंती चोचले असल्याने विषय ‘समाजविन्मुख’ही आहे, अशी तीन कारणे टिपणात नोंदवली गेली. आम्ही तिघे त्या बैठकीत होतो आणि अल्पमतात होतो. निर्णय घेणारे आमचे सहकारी आहेत, सकाळच्या त्याच विरार लोकलने आमच्यासोबत येतात-जातात. तेव्हा वैर नाही. वाद मात्र आहे, आणि तो एका विद्यार्थ्यापुरता नाही म्हणून येथे मांडत आहोत.

आधी वस्तुस्थिती. हा विद्यार्थी विरार पूर्वेला राहतो. त्याच्या थोरल्या भावाचे फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शटरचे गॅरेज आहे. दोघांनी मिळून गोव्यातून एक जुनी सॅन स्टॉर्म आणली. हे नाव आज फार थोड्यांना आठवेल. १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन मोटर्सने ही दोन आसनांची, कापडी छपराची, फायबरच्या अंगाची छोटी मोटार बनवायला घेतली. रेखाटन फ्रेंच, इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. उघड्या छपराची मोटार म्हणजे संस्थानिक नाहीतर सिनेनट, अशी समजूत असलेल्या देशात ती फार खपली नाही आणि यथाकाल बंद पडली. ज्या उरल्या त्या कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असतात. या भावांची गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली, तीन मालक पाहिलेली आणि किमतीने आमच्याकडच्या साध्या लग्नातल्या हॉल-जेवणाच्या खर्चाहून स्वस्त. ‘श्रीमंती चोचले’ या शब्दांचा निकाल खरे तर येथेच लागायला हवा. तो लागत नाही, कारण आक्षेप पैशाचा नाहीच. गरिबाने पैसा कशावर उडवावा याची यादी आपण करून ठेवली आहे आणि त्या यादीत लग्न आहे, गाडी नाही.

बेत असा आहे, की रस्त्यावरची ही गाडी बंदिस्त ट्रॅकवर, शनिवार-रविवारी, स्वतःच्या हौसेसाठी धावण्याजोगी करायची. शर्यत जिंकायची नाही. साठ अश्वशक्तीत कोण काय जिंकणार? विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारले, मग इंजिन किती ‘वाढवणार’? या प्रश्नातच आपले अज्ञान आहे. आठ महिन्यांत या मुलांनी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजले, ते बरे निघाले, आणि मग त्याला हात लावला नाही. पहिले काम ब्रेकचे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. रस्त्यावर ते वर्षानुवर्षे चालून जाते, पण ट्रॅकवर दर वळणापूर्वी जोराने ब्रेक दाबला की ते इतके तापते की त्यातले पाणी उकळते, वाफ होते आणि पायाखालचे पेडल स्पंजासारखे खाली जाते. म्हणून तेल बदलायचे, पॅड जास्त उष्णता सोसणारे घालायचे, रबराच्या नळ्या फुगतात त्या काढायच्या. दुसरे काम पाण्याचे: रेडिएटरमधला गाळ, कडक झालेले होस, थर्मोस्टॅट. तिसरे रबराचे. सव्वा लाख किलोमीटरांत सस्पेन्शनमधले बुश इतके घासले होते, की चाक एक म्हणत होते आणि स्टिअरिंग दुसरेच. चौथे टायर. आणि उघड्या छपराची गाडी उलटली तर डोके वाचवायला वर काहीच नसते, म्हणून आसनामागे पोलादी नळीचा रोल बार. तो अजून झालेला नाही. पैसे साठत आहेत. तो बसेपर्यंत गाडी ट्रॅकवर नेणार नाही, असे थोरल्याने बजावले आहे. ताकद या यादीत शेवटी येते, आणि बहुधा येणारही नाही.

जगभर हा उद्योग असाच चालतो. कॉलिन चॅपमनने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली लोटस बांधली. ब्रूस मॅक्लारेन न्यूझीलंडात वडिलांच्या गॅरेजमध्ये अशाच एका ऑस्टिनवर शिकला. १९८९ पासून माझ्दाची एमएक्स-५ ही गरिबाघरची रोडस्टर हजारो हौशी लोकांनी जुनी, दमलेली म्हणून घेतली आणि ट्रॅकवर नेली. आपल्याकडे करीवर्धन यांचे नाव घ्यायला हवे. कोइमतूरच्या गिरणीमालक घराण्यातल्या या माणसाने मारुती ८०० चे इंजिन घेऊन एका आसनाची फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी उभी केली आणि कितीतरी पोरांना परवडणाऱ्या खर्चात ट्रॅकवर आणले. त्यांच्या नावाचा ट्रॅक २००३ पासून कोइमतूरला आहे. गिरण्या मुंबईतही होत्या. त्यांच्या जमिनीवर काय उभे राहिले ते लोअर परळला उतरून पाहावे.

आता ‘वाङ्मयीन मूल्या’कडे वळू. या विद्यार्थ्याने मागितलेला विषय होता, जुनी गाडी दुरुस्त करताना वसई-विरारच्या गॅरेजांत बोलली जाणारी भाषा. त्याची वही आम्ही वाचली आहे. त्यात ‘आटे गेलेला’ बोल्ट आहे, ‘मिसिंग करणारे’ इंजिन आहे, ‘दम नसलेली’ बॅटरी आहे. वळणात पुढची चाके घसरून गाडी सरळ जाऊ लागते, त्याला हे भाऊ ‘नाक बाहेर जातं’ म्हणतात, आणि मागची घसरली की ‘शेपूट सुटलं’. इंग्रजी पुस्तकात यासाठी जे शब्द आहेत ते त्यांना ठाऊक आहेत, पण हात तेलात असताना तोंडी हेच येतात. उत्तर प्रदेशातल्या डेंटरची हिंदी, वसईच्या वाडवळीचा हेल आणि कंपनीच्या पुस्तिकेतली इंग्रजी यांतून एक बोली तिथे रोज घडते आहे. भाषाविज्ञानाच्या पेपरला आपण ‘व्यावसायिक बोली’ हा घटक शिकवतो. त्याचे जिवंत उदाहरण महाविद्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर सापडले तर ते साहित्यबाह्य ठरते!

वहीतला आणखी एक भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. तीन मालकांनी आणि न जाणो किती मेकॅनिकांनी या गाडीत आपापल्या दुरुस्त्या घुसडल्या आहेत. कुठे वायर तोडून दुसरी जोडली, कुठे दुसऱ्याच गाडीचा कंस ठोकून बसवला. मूळ काय आणि मागाहून आलेले काय, हे ठरवण्यासाठी या मुलाने प्रत्येक वायरचा माग काढून तक्ता केला. रंग, जाडी, जोडाची पद्धत नोंदवली. आणि एक जोड चुकीचा दिसत असूनही तसाच ठेवला, कारण त्यामागे कुणाची तरी शहाणी अडचण होती असे त्याच्या ध्यानात आले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे कसला पेच होता, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून सांगतो. प्रक्षेप ओळखणे, प्रत निवडणे, संशयाच्या जागी हात आवरणे, ही पाठचिकित्सा. ती करून दाखवणारा विद्यार्थी समोर बसला होता आणि आपण त्याला विषय बदलून आण म्हणालो.

यावर असे म्हटले गेले, की उपमा ठीक आहे, पण यंत्र ते यंत्र. हे विधान कुठून येते हेही पाहायला हवे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या. त्यांतल्या यंत्रप्रतिमा धारदार होत्या, कारण त्या यंत्र पाहून लिहिलेल्या होत्या. पुढे गाइडे आली. आता यंत्र म्हटले की ‘यंत्रयुगातील मानवाचे एकाकीपण’ हे सात गुणांचे उत्तर आपोआप छापून येते. लिहिणाऱ्याने पाना धरलेला नसतो, तपासणाऱ्यानेही नसतो. यंत्राशी माणसाचे नाते केवळ चिरडले जाण्याचे असते, असे आपण ठरवून टाकले आहे. बंगालीत सुबोध घोषांनी ‘अजांत्रिक’ ही कथा लिहिली, १९५८ साली ऋत्विक घटकांनी तिचा चित्रपट केला. एक टॅक्सीवाला, त्याची जर्जर शेवरोले, तिचे नाव जगद्दल. तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रुसतो, शेवटी ती भंगारात जाते. हा चित्रपट आम्ही वर्गात दाखवतो तेव्हा विद्यार्थी हसतात आणि मग गप्प होतात. गॅरेजात मोठा झालेला हा मुलगा मात्र मध्येच म्हणाला, त्याने रेडिएटरचं आधी बघायला हवं होतं. आमच्या मते त्या वर्षीचे ते सर्वात चांगले समीक्षावाक्य होते.

आणि मराठीत तरी अशी परंपरा नाही, असे कोण म्हणतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. त्या नांगराच्या कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. मराठी मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची वाचनाची आवड ज्या मासिकाने घडवली त्याचा जन्म ओतशाळेच्या शेजारी झाला. त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. त्यात लोहार-सुतारांच्या कामाचे, हक्कांचे, अडवणुकीचे जे बारीक वर्णन आहे ते आपण समाजशास्त्र म्हणून वाचतो, गद्य म्हणून वाचत नाही. बलुतेदाराचे ज्ञान हातात असते, पोथीत नसते, म्हणून ते ज्ञानच नव्हे, असा जो जुना निवाडा आहे तोच आता ‘वाङ्मयीन मूल्य’ असे नाव घेऊन बैठकीला बसतो. आमच्या सहकाऱ्यांना हे वाक्य झोंबेल. झोंबावे म्हणूनच लिहिले आहे. दलित साहित्यावर चार-चार परिसंवाद घेणाऱ्या विभागाने गॅरेजच्या पोराला साहित्याची हद्द दाखवावी, यातली विसंगती त्यांनाही दिसत असेल.

भंगार हा शब्दही येथे तपासण्यासारखा आहे. वाडा पडला तर आपण जीर्णोद्धार म्हणतो, पोथी सापडली तर संशोधन, मोटार जुनी झाली तर भंगार. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत आणि पुरवण्यांत निरोपाचे लेख वाहत होते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट, १९७४ पासूनची पद्मिनी. पावसातली टॅक्सी, प्रेमातली टॅक्सी, आईला इस्पितळात नेणारी टॅक्सी. सगळे ओलेचिंब. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर, त्याचे सांधे झिजल्यावर कुणी, कोणत्या गल्लीत, कशाने भरून काढले, यावर त्या महापुरात आम्हाला एक परिच्छेद मिळाला नाही. ती गाडी इतकी वर्षे भावनेवर चालली नव्हती. याच फियाट, अँबॅसडर आणि हेराल्ड सोलून, हलक्या करून लोक शर्यतीत उतरवत. मद्रासजवळ शोलावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर त्या धावत, मुंबईत एके काळी जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती होत. घरगुती गाडीला दुसरा जन्म देण्याची ही कला विरारच्या दोन पोरांनी शोधून काढलेली नाही.

(वस्तूचा उपयोग बदलला की ती बाटते, असे मानणाऱ्यांसाठी एक घरचे उदाहरण. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. तिचा नाद कमी झाल्याची तक्रार ऐकिवात नाही.)

राहिला तिसरा आक्षेप, समाजविन्मुखतेचा. तो सगळ्यांत गंभीर आहे आणि त्याला आम्ही टाळणार नाही. ज्या विरारला माणसे दारात लटकून जातात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे पेट्रोल जाळून गोल-गोल फिरण्याची हौस कशी समर्थनीय? पेट्रोल जळते, हे खरे आहे. वर्षातून दोनदा जळेल. पण समाज म्हणून पाहायचे तर पूर्ण पाहू. महामार्गावर आणि शहरातल्या रुंद रस्त्यांवर रात्री पैजा लावणारी पोरे आमच्या वर्गात बसतात. त्यांपैकी एकाच्या दशक्रियेला आम्ही गेलो आहोत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम रस्त्यावरच्या शर्यतीला बंदी करते, ते योग्यच आहे. त्याच कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही मान्य. मग वेगाची ओढ असलेल्या मुलाने कुठे जावे? मोटारी बनवण्याबद्दल मिरवणाऱ्या महाराष्ट्रात चाचणीचे ट्रॅक आहेत ते कंपन्यांचे किंवा अहिल्यानगरला संरक्षण संशोधनाचे. कोल्हापुरात आहे ती कार्टिंगची धावपट्टी, मोटारीची नव्हे. मद्रासने शोलावरम सोडून १९९० साली इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक केला. नोएडाकडे २०११ मध्ये झाला. आमच्या विद्यार्थ्याला विरारहून कोइमतूरला, तेराशे किलोमीटरांच्या घरात, गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागेल, कारण बदललेली गाडी रस्त्यावरून चालवायची नाही असे त्याने कायदा वाचून ठरवले आहे. शनिवार-रविवारचा छंद आठवड्याचा प्रवास होतो. जी मुले कायदा वाचत नाहीत त्यांच्यासाठी विरार फाटा जवळ आहे.

शर्यत आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हणावे तर बैलगाडा शर्यतींसाठी हेच राज्य किती वर्षे न्यायालयात उभे राहिले ते आठवावे. २०१४ ला बंदी, २०१७ ला विधिमंडळाचा कायदा, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी, मे २०२३ मध्ये घटनापीठाचा निर्णय. संस्कृती म्हणून ती लढाई लढली गेली, नियम लिहिले गेले, घाट बांधले गेले. बैलाला जी प्रतिष्ठा मिळाली ती यंत्राला का मिळू नये? आमच्या समजुतीप्रमाणे बैल पाळणाऱ्याच्या मागे मते आहेत आणि गॅरेजवाल्याच्या मागे नाहीत. बाकी सौंदर्यमीमांसा नंतरची.

आणि शेवटी भाषा, जिचे आम्ही नोकर आहोत. कवितेच्या मापाला आणि माणसाच्या वेडाला मराठी एकच शब्द वापरते: छंद. ध्वनीला आणि व्यसनाला एकच: नाद. या दोन शब्दांवर प्राध्यापकमंडळी भाषणांत टाळ्या घेतात. श्लेष साधतो, श्रोते खूश होतात. मग नादिष्ट माणूस प्रत्यक्ष दारात आला, हाताला ग्रीस, काखेत वही, की त्याला कार्यालयात बसायला सांगतात. इंजिनाचा आवाज ऐकून तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे हे सांगणारा कान आणि मात्रा चुकलेली ओळ ऐकून कपाळाला आठी घालणारा कान, यांत फरक आहे. पण तो आपण समजतो तेवढा आहे काय, हे पाहण्यासाठीच तर प्रबंधिका असते. मराठीला विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून आपण दर जूनमध्ये शाळाशाळांतून हिंडतो. जो स्वतः चालत आला त्याचा विषय त्याच्या भाषेसकट परत केला.

विषय परत करताना समितीने त्याला पर्यायी विषय सुचवला आहे. तो असा: ‘मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रप्रतिमा’. मुलगा सुस्वभावी आहे, करीन म्हणाला. त्याने ग्रंथालयातून पुस्तके नेली आहेत आणि तो ती गॅरेजात बसून वाचतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. विषयबदलाचे अर्ज विद्यापीठाकडे जाण्यास अजून अवधी आहे. पुढल्या बैठकीत आम्ही त्याचा मूळ प्रस्ताव पुन्हा ठेवणार आहोत. त्याच्या वहीची छायाप्रत विभागाच्या दुसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. बैठकीला येणाऱ्यांनी ती आधी वाचून यावी. पाने बावन्न आहेत आणि अक्षर चांगले आहे.